प्रकाशाचे उपासक : चंद्रशेखर वेंकट रामन

तिरुचिरापल्लीत १८८८ साली जन्मलेले रामन १९०७ साली कलकत्त्यास सरकारी हिशेब खात्यात अधिकारी झाले. कचेरीपूर्वी व कचेरी सुटल्यावर ते प्रयोगशाळेत राबत. १९१७ साली ती भरपूर पगाराची नोकरी सोडून त्यांनी कमी वेतनाची प्राध्यापकी पत्करली. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश रंग बदलतो व हा बदल पदार्थागणिक निराळा असतो, हे त्यांनी १९२८ साली दाखविले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९७० साली ते निवर्तले. रक्तातील अनेक रोगांच्या खुणा एकदम टिपणारी, हातात मावणारी उपकरणे संशोधक आज याच तत्त्वावर घडवीत आहेत. पालकहो, उद्या आपल्या मुलाने वा मुलीने पगाराहून ज्ञान मोठे मानले, तर रागावण्याआधी रामन आठवा.