सावित्रीबाई खानोलकर : निष्ठेचे नाते आणि आमची कसोटी

मुरबे गावचे पुष्कळ तरुण आज होडी व जाळे सोडून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे वळले आहेत. तेथे अनेक प्रांतांची माणसे खांद्याला खांदा लावून काम करतात. तेव्हा जात, भाषा, प्रांत, क्वचित देशही ओलांडून विवाह जुळू लागले तर त्यात नवल ते काय? नवल आहे ते आमच्या वडीलधाऱ्यांच्या वर्तनाचे. असा विवाह निघाला की प्रथम जात विचारली जाते, मग भाषा, मग कातडीचा रंग. वधूवरांचे शील व कर्तृत्व यांची विचारपूस सर्वांच्या शेवटी, तीही सवड उरली तर! अशा वेळी एका परदेशी स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

ईव्ह इव्होन मादे दे मारोस यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे झाला. वडील हंगेरीचे, समाजशास्त्राचे अध्यापक, आई रशियाची. १९२९ च्या सुमारास या मुलीची ओळख विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी झाली. तो त्या वेळी इंग्लंडात सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेत होता. वय कोवळे, देश दूरचा, वर्ण निराळा. वडिलांना हा संबंध रुचला नाही, यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तथापि मुलीचा निश्चय ढळला नाही. ती हिंदुस्थानात आली, तिने हिंदू धर्म स्वीकारला आणि १९३२ साली लखनौ येथे विवाह होऊन ती सावित्रीबाई खानोलकर झाली.

त्या काळचा कायदाही अशा जोडप्यांस अनुकूल नव्हता. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यान्वये नागरी विवाह करू इच्छिणाऱ्यांस आपण प्रचलित धर्मांपैकी कोणताही धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने सवलत मिळाली ती हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरतीच. आपापला धर्म राखून कोणाही दोघांस विवाहबद्ध होण्याची मोकळीक १९५४ च्या कायद्याने दिली. म्हणजे १९३२ साली एखाद्या ख्रिस्ती मुलीस हिंदू घरात हिंदू विधीने यावयाचे, तर आपला धर्म मागे ठेवूनच यावे लागे. सावित्रीबाईंनी ते मनापासून केले, ही गोष्ट वेगळी.

त्या मराठी, हिंदी व संस्कृत शिकल्या. पुराणे व वेदान्त यांचा त्यांनी अभ्यास केला. महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे स्वतंत्र भारतास आपली शौर्यपदके निर्माण करावयाची होती, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी परमवीरचक्राच्या आकृतीचे काम सावित्रीबाईंवर सोपविले. वृत्रासुराच्या वधासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींचे स्मरण करून त्यांनी त्या पदकावर इंद्राचे वज्र चार वेळा कोरले व मध्ये राष्ट्राची राजमुद्रा बसविली. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक स्थापन झाले. त्याचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. ते ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मिरात बडगाम येथे धारातीर्थी पडले होते.

तेच दिवस दक्षिण आफ्रिकेत काय दाखवीत होते? १९४९ साली तेथील सरकारने गोरे व गौरेतर यांच्यातील विवाहास बंदी करणारा कायदा केला. तो १९८५ पर्यंत टिकला. अमेरिकेच्या कित्येक संस्थानांतील असे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. एका देशात असा विवाह गुन्हा ठरत असता, अशाच विवाहाने या घरात आलेल्या स्त्रीच्या हातून आमच्या राष्ट्राचे सर्वोच्च शौर्यचिन्ह घडत होते. याचा अभिमान आम्हांस आहे.

परंतु येथेच थांबलो तर ती आत्मवंचना होईल. सावित्रीबाईंचा गौरव आम्ही सुखाने करतो, कारण त्यांनी आमचे सर्व काही घेतले आणि आमच्याकडून काहीच सोडावयास लावले नाही. शिवाय त्यांचा वर्ण गोरा होता. गोरी सून आली तर जे घर तिला गावभर मिरवील, तेच घर सावळ्या परप्रांतीय सुनेपुढे कपाळाला आठ्या घालील, आणि काळ्या वर्णाच्या आफ्रिकी जावयास उंबरठ्यावरूनच परत लावील. ही धर्मनिष्ठा नव्हे, संस्कृतिरक्षणही नव्हे. साहेब गेला, पण त्याने शिकविलेली कातडीची प्रतवारी आम्ही जपून ठेवली. आणि आमची जातीची प्रतवारी तर त्याहून जुनी!

पती मेजर जनरल विक्रम खानोलकर १९५२ साली निवर्तल्यावर सावित्रीबाई माहेरी परत गेल्या नाहीत. फाळणीने निराधार झालेल्यांची व शहीद जवानांच्या कुटुंबांची सेवा करीत, रामकृष्ण मठाच्या आधाराने त्यांनी उरलेले आयुष्य याच भूमीत घालविले. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

पालघरच्या हुतात्म्यांस १४ ऑगस्ट रोजी वंदन करणाऱ्या या परिसरास त्याग म्हणजे काय हे सांगावयास नको. १९४२ साली तेथे पाच जणांनी देह ठेवला, तो सर्वांच्या स्वातंत्र्यासाठी. त्या स्वातंत्र्यात आपला जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य येत नाही काय? सामाजिक बहिष्कार हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. परंतु ज्या घरात लेकीशी बोलणेच बंद होते, त्या घरात कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आईबापांनीच पुढे झाले पाहिजे. आपली भाषा, आपला धर्म व आपला रंग घेऊनच जी सून वा जो जावई दारी येईल, त्याच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा. सावित्रीबाईंच्या ऋणातून अंशतः उतराई होण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.