अक्षरांमधली फट घासून काढणारा मुलगा : जावजी दादाजी आणि आपलं जस्टिफाय बटण

मागच्या जुलैत मी मोबाइलवर एक पत्रक बनवलं. विषय आपल्या यवतमाळ जिल्ह्याचाच होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून केलेला जंगल सत्याग्रह. पान दोन कॉलमचं घेतलं, मजकूर पेस्ट केला आणि जस्टिफाय दाबलं. दोन्ही कडा एकदम सरळ. भारी वाटलं.

मग झूम करून बघितलं. एका ओळीत फक्त तीन शब्द आणि त्यांच्यामध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा! कारण पुढचा शब्द होता सत्याग्रहींविरुद्धच्या. तो उरलेल्या जागेत मावला नाही, अख्खाच्या अख्खा खाली गेला आणि वर राहिलेल्या तीन शब्दांना ताणून ओळ भरली गेली.

त्यावर मी शहाणपणा केला. लेटर स्पेसिंगची पट्टी थोडी पुढे सरकवली. अक्षरं पसरली, खड्डे कमी दिसायला लागले आणि मी दोनशे प्रती छापून आणल्या. आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत, पूर्वी छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे, म्हणजेच टाइप, एकेक करून जुळवणारा कामगार. त्यांनी पत्रक हातात घेतलं आणि मजकूर वाचायच्या आधी शिरोरेषेवरून नख फिरवलं. प्रत्येक अक्षरानंतर रेष तुटली होती. मी ते पाहिलंच नव्हतं. आजोबांनी मला रागावलं नाही, फक्त जावजी दादाजी कोण ते माहीत आहे का, एवढं विचारलं. मला माहीत नव्हतं. मग मी शोधून शोधून वाचलं. ते वाचल्यावर माझी चूक मला नीट कळली.

महिना दोन रुपये

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ सालचा, मुंबईच्या उमरखाडीतला. घरची परिस्थिती हलाखीची, शिक्षण जेमतेम. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. काम टाइप घासायचं, पगार महिना दोन रुपये.

टाइप घासणं म्हणजे काय? साच्यात शिसं ओतून अक्षराचा खिळा तयार होतो, पण तो साच्यातून निघतो तेव्हा कडेला धातूचे बारीक कंगोरे राहतात. ते घासून सपाट करायचे. कंगोरा राहिला तर शेजारचा खिळा चिकटून बसत नाही, मध्ये फट पडते. इंग्रजीत ती थोडीफार खपून जाते, कारण त्यांची छापील अक्षरं मुळात सुटी सुटीच उभी असतात. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेषा आहे. केसाएवढी फट पडली तरी रेष तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. म्हणजे मराठी शब्द अखंड दिसणार की नाही, यात या घासणाऱ्या पोराच्या हाताचाही वाटा होता.

त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम नावाचे कारागीर होते. त्यांनी घडवलेली देवनागरी अक्षरं त्या काळी नावाजलेली होती. चांगलं अक्षर कसं असतं, हे जावजींनी अशा जागी पाहिलं.

कामगार ते मालक

पुढे जावजींनी टाइम्स ऑफ इंडिया आणि इंदुप्रकाश यांच्या छापखान्यांत काम केलं आणि १८६४ साली स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला. सोबत होते राणोजी रावजी आरू. आरू पोलादावर अक्षर उलटं कोरायचे. त्या ठशावरून साचा, साच्यातून खिळा आणि खिळ्यातून कागदावर सुलटं अक्षर. आज आपण फॉन्ट डाउनलोड करतो ते काही सेकंदांत. तेव्हा एका फॉन्टसाठी शेकडो ठसे हाताने कोरावे लागत, कारण काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांचे वेगवेगळे खिळे लागायचे.

१८६९ साली जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. तिथून पंचांगं निघाली, मराठी पुस्तकं निघाली, १८८१ पासून मुलांसाठी बालबोध मासिक निघालं. १८८६ साली काव्यमाला सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली जुने संस्कृत ग्रंथ एकामागून एक छापून यायला लागले. जेमतेम शिकलेल्या माणसाच्या छापखान्यातली ही पुस्तकं जगभरच्या संस्कृत पंडितांच्या टेबलावर पोहोचली.

ओळ सरळ कशी करायची?

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यात प्रत्येक ओळ ठरलेल्या लांबीची भरावीच लागायची, नाहीतर खिळे हलायचे. म्हणजे जस्टिफाय ही तेव्हा सजावट नव्हती, गरज होती. जुळाऱ्याकडे दोन उपाय असायचे. एक, शब्दांमधले जाड-बारीक स्पेस बदलून जागा थोडी थोडी वाटून घ्यायची. दोन, शेवटचा शब्द तोडून जोडरेघ द्यायची. अक्षरं पसरवणं हा तिसरा उपाय इंग्रजीला चालतो, आपल्याला नाही. कारण तीच शिरोरेषा.

संस्कृत गद्यात तर आणखी पंचाईत. निर्णयसागरने छापलेली बाणभट्टाची कादंबरी घ्या. त्यात एकेक समास अनेक ओळी चालतो. ओळीत स्पेसच नसेल तर ताणणार काय? तिथे ओळीच्या शेवटी शब्द तोडूनच पुढे जावं लागतं, आणि तोडायचा तो अक्षर पूर्ण झाल्यावर. जोडाक्षराच्या मध्ये सुरी घालायची नाही.

तुमचा फोन किंवा वर्ड हेच काम करतो, फक्त अर्धवट. स्पेस ताणणं त्याला येतं. पण मराठी शब्द कुठे तोडायचा, हे प्रत्येक ॲपला येतंच असं नाही. गूगल डॉक्ससारखी ॲप्स आपणहून शब्द तोडत नाहीत. म्हणून खड्डे पडतात.

मग करायचं काय?

१. कॉलम अरुंद असेल तर जस्टिफाय करूच नका. डावीकडून सरळ मजकूर ठेवा. उजवी कड थोडी वरखाली झाली तरी वाचायला सोपं जातं. मोबाइलवर वाचायच्या मजकुराला तर हेच बरं.

२. जस्टिफाय हवंच असेल तर कॉलम रुंद करा किंवा अक्षर थोडं लहान करा. ओळीत जितके जास्त शब्द, तितकी जागा जास्त ठिकाणी वाटली जाते.

३. कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्ये लेआउट टॅबमध्ये हायफनेशन आहे. मराठीत ते काम करत नसेल तर शब्दात योग्य जागी कर्सर ठेवून कंट्रोल आणि जोडरेघ एकत्र दाबा. ही छुपी जोडरेघ असते. शब्द ओळीच्या टोकाला आला तरच छापली जाते, मजकूर सरकला तर गायब. साधी जोडरेघ टाइप केलीत तर ती ओळीच्या मध्येही तशीच दिसत राहील.

४. शब्द अर्थाच्या सांध्यावर तोडा : महा-राष्ट्रातील, सत्याग्रहीं-विरुद्धच्या. ष्ट्र कधी फोडू नका. एकटं ल खालच्या ओळीत टाकू नका. लागोपाठ तीन-चार ओळींच्या शेवटी जोडरेघाही नकोत.

५. जस्टिफाय केलेल्या परिच्छेदात शिफ्ट-एंटर दाबून ओळ तोडली, तर वर्ड ती अर्धी ओळही ताणू शकतो. तिथे साधं एंटर द्या.

६. देवनागरीत लेटर स्पेसिंग शून्यावर ठेवा. कॅनव्हा असो, पिक्सेललॅब असो की वर्ड. लग्नपत्रिका असो की वाढदिवसाचा बॅनर.

जावजी ५ एप्रिल १८९२ रोजी गेले. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी मुंबईच्या कोलभाट लेनमधला छापखाना पुढे चालवला. आज शिशाचे खिळे भंगारात गेले आणि फॉन्ट बनवणारे शिरोरेषा जुळवूनच आपल्या हातात देतात. ती तोडायला फक्त आपलं एक बोट पुरतं.

मी पत्रक पुन्हा बनवलं. लेटर स्पेसिंग शून्य केलं, दोनाचा एक कॉलम केला, तीन शब्दांत छुपी जोडरेघ टाकली. दोनशे प्रतींचा खर्च पुन्हा पडला, तो माझ्याच खिशातून. आजोबांनी नवीन पत्रकावरही आधी नख फिरवलं. मग चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.