श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर : वाटेवरचे गणगोत

आळंदीस माउलींच्या महाद्वारातून आत शिरताना पहिल्या पायरीशी वारकरी थबकतो, वाकतो, हात लावून तो कपाळी नेतो आणि मग पुढे होतो. ही हैबतबाबांची पायरी. रोज नमस्कार करणाऱ्यांतही बाबा कोण, कुठले, हे पुसणारे थोडेच. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बाबा मूळचे सातारा प्रांतातील आरफळचे. आडनाव पवार. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. म्हणजे घोडा, तलवार, छावणी यांतच त्यांची उमेदीची वर्षे गेली. परंपरा अशी सांगते की, मिळवलेले धन घेऊन ते उत्तरेतून घरी येत असता सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गाठले, सोबत्यांसह एका गुहेत कोंडले आणि तोंडाशी धोंड लावली. तेथे ना तलवार कामाची, ना सरदारकी. बाबांनी हरिपाठ धरला. पुढे टोळीच्या नायकाच्या घरी मुलगा झाला, त्या आनंदात त्याने धोंड काढविली, तो आत नामाचा घोष चालूच! नायकाने सर्वांना सोडले आणि ऐवजही परत दिला. त्यानंतर मात्र बाबांचे मन संसारात रमले नाही. त्यांनी आळंदी जवळ केली ती कायमची.

वारी त्याआधीही होतीच, बरे का. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून नेण्यास आरंभ केला होता. पुढे देहूकरांत पालखीच्या मानावरून तंटे झाले. तेव्हा 1832 च्या सुमारास बाबांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र नेण्याचा क्रम घातला. अंकलीचे शितोळे सरकार पाठीशी उभे राहिले. त्यांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था लावली. वासकरांसारखे फडकरी दिंड्या घेऊन आले. अंकलीचे अश्व आजही तीनशे किलोमीटरांच्या आसपास चालत आळंदीस येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ माउलींसाठी मोकळी.

आम्हांस बाबांचे खरे कर्तृत्व याच्याही पुढे दिसते. आळंदी ते पंढरी ही अडीचशे किलोमीटरांच्या जवळपासची वाट. पावसाळा तोंडावर. कोणी नाशिककडचा, कोणी बेळगावकडचा. एकमेकांचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. असा समुदाय चार दिवसांत विस्कटायचा. बाबांनी छावणीची शिस्त उचलली आणि ती भजनाच्या कामी लावली. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली: रथापुढे सत्तावीस, बाकीच्या मागे. दिंडीत पताकावाले कोठे, टाळकरी कोठे, विणेकरी कोठे, हेही ठरलेले. एकदा जागा ठरली की माणूस परका राहत नाही. तो दिसला नाही तर शेजारचा टाळकरी आपसूक मान वळवून पाहतो. आम्ही स्वतः एके वर्षी दिवे घाटात दिंडीतून चुकलो होतो. कोण्या अनोळखी म्हातारबाबांनी दिंडीचा नंबर तेवढा विचारला आणि सासवडला नेऊन आमच्या माणसांत उभे केले. नाव विचारले नाही, सांगितलेही नाही. माउली म्हणून हाक मारली आणि माउली म्हणूनच निरोप घेतला.

मुक्कामीची समाज आरती तर डोळे भरून पाहावी. दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतो आणि क्षणात सारे शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, सर्वांसमक्ष निवाडा होतो. हरवले काय, सापडले काय, तेही पुकारतात. कोणाचा तांब्या, कोणाची पिशवी. उद्या निघायचे केव्हा, तेही सांगतात. हे सगळे झाल्यावर आरती. रुसलेला माणूस तसाच ठेवून देवाला ओवाळायचे नाही! भांडण दाबून सोबत टिकत नाही, हे फौजेत माणसे वागवलेल्या गृहस्थालाच सुचावे. परंपरा या शिस्तीचे श्रेय बाबांनाच देते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे बरे नव्हे. चालताना, नाचताना, पाया पडताना भेद नाही, पण पंगत बसली की जात निराळी, असे पुढे शंभरांहून अधिक वर्षे वाटेवर चालत होते. एकाच दिंडीत चुली वेगळ्या. बाबांनी पाऊल एक केले, ताट एक करायला मागच्यांना फार वेळ लागला. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण खोटे कशाला लिहावे?

बाबा सरदार असूनही देह ठेवल्यावर त्यांना जागा मिळाली ती महाद्वारीच्या पायरीशी, येणाऱ्याजाणाऱ्या वैष्णवांच्या पायधुळीत. पालखी आजही आरफळकरांच्या मालकीने चालते, आणि कार्तिक वद्य अष्टमीस या पायरीचे पूजन झाल्याशिवाय आळंदीचा समाधी सोहळा सुरू होत नाही. आमच्या दिंडीतली जुनी माणसे त्या पायरीवर पाऊल देत नाहीत. ओलांडून पलीकडे जातात, मग वळून उभी राहतात आणि मागच्याला हात देतात.