तारीख चुकली, गुरू हरवला: गणेश दैवज्ञांची ५०० वर्षं जुनी ट्रिक

आज एका अशा माणसाची ओळख करून देतोय, ज्याच्याकडे ना कॉम्प्युटर होता ना दुर्बीण. पण त्याची आठवण मला आली ती मात्र कॉम्प्युटरवाल्या दुर्बिणीमुळेच.

५ फेब्रुवारीची संध्याकाळ. आम्ही पनवेलजवळ कोनला राहतो, गिरणी कामगारांना मिळालेल्या घरांमध्ये. सोसायटीच्या गच्चीवर मी माझी गो-टू दुर्बीण लावली होती. गो-टू म्हणजे ग्रहाचं नाव निवडा, बटण दाबा, मोटर नळी फिरवून त्या ग्रहावर नेते. आजीला आणि बिल्डिंगमधल्या पोरांना गुरू दाखवायचं कबूल केलं होतं. व्याध आणि ब्रह्महृदय या दोन ताऱ्यांवर अलाइनमेंट केली. रोहिणी मागितली, बरोब्बर मधोमध आली. मग गुरू मागितला, तर नळी त्याच्या शेजारीच कुठेतरी थांबली. नुसत्या डोळ्यांनी गुरू झगझगीत दिसत होता, पण आयपीसमध्ये काळोख. तीनदा केलं, तीनदा तेच. पोरं कंटाळून खाली गेली. आजीने घरातल्या भिंतीवरच्या पंचांगात बघून ठेवलं होतं, की गुरू सध्या मिथुनेत आहे. माझं मशीन चुकत होतं आणि आजीचं पंचांग बरोबर होतं!

चूक सापडली ती रात्री उशिरा. कंट्रोलर आधी महिना आणि मग दिवस मागतो. मी ०५/०२ टाकलं होतं, म्हणजे त्याच्या लेखी २ मे. तारे एकमेकांच्या तुलनेत जागा सोडत नाहीत, म्हणून दोन तारे हाताने मधोमध आणल्यावर बाकीचे तारे जुळले. तारखेची चूक त्या अलाइनमेंटमध्येच जिरून गेली. ग्रह मात्र रोज सरकतात. ते कुठे आहेत हे कॉम्प्युटर आकाशात बघत नाही, तर एका ठरलेल्या दिवसापासून किती दिवस झाले ते मोजून गणित करतो. दिवस चुकला की ग्रह चुकला.

आजीचं पंचांगही असंच दिवस मोजून बनतं. मग हे मोजणं आपल्याकडे सोपं कोणी केलं? शोधायला गेलो आणि उत्तर आमच्याच रायगड जिल्ह्यात सापडलं.

नांदगावचा मुलगा

मुरूडच्या उत्तरेला समुद्राकाठी नांदगाव आहे. जुन्या ग्रंथांत त्याचं नाव नंदिग्राम. तिथे १५०७ च्या सुमारास गणेश दैवज्ञांचा जन्म झाला. वडील केशव दैवज्ञ स्वतः मोठे ज्योतिषी होते. त्यांनी १४९६ मध्ये ग्रहकौतुक हा ग्रंथ लिहिला. पण केशवांची खरी ओळख म्हणजे ते आकाश बघायचे. ग्रंथात ग्रह कुठे सांगितलाय आणि प्रत्यक्ष कुठे दिसतोय, याचा ताळा ते घ्यायचे.

ताळा जुळत नव्हता. त्या वेळी देशात तीन मोठे पक्ष होते: सौर, आर्य आणि ब्राह्म. प्रत्येकाचं गणित वेगळं, प्रत्येकाचे ग्रह थोडे वेगळ्या जागी. आणि आपलाच ग्रंथ बरोबर, हा प्रत्येकाचा आग्रह. यात नुकसान कोणाचं? साध्या माणसाचं. ग्रहण कधी लागणार, सण कोणत्या दिवशी करायचा, हे सगळं या गणितावर अवलंबून होतं. केशवांनी लिहून ठेवलं, की काळ जाईल तसा फरक पडणारच, आणि पुढच्या ज्योतिषांनी तो आकाशात बघून दुरुस्त करावा.

ते काम मुलाने केलं. १५२० मध्ये, म्हणजे शके १४४२ साली, गणेशांनी ग्रहलाघव लिहिला. तेव्हा त्यांचं वय फक्त १३ होतं असं सांगतात. युरोपात कोपर्निकसचं पुस्तक यायला अजून २३ वर्षं होती आणि गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण लावायला जवळपास ९०.

ग्रहलाघवात नवीन काय होतं?

पहिली गोष्ट, त्यांनी कुठल्याच एका पक्षाची बाजू घेतली नाही. जो ग्रह ज्या ग्रंथाप्रमाणे आकाशाशी जुळतो, तो तिथून घेतला. सूर्य सौरपक्षाचा. चंद्रही सौरपक्षाचा, पण ९ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचा, पण त्यात ५ अंश मिळवून. ५ अंश म्हणजे आकाशात दहा पूर्ण चंद्र ओळीने मावतील एवढं अंतर! मान्यवर ग्रंथातल्या आकड्यात एवढी दुरुस्ती करायची आणि ती उघडपणे लिहायची, याला हिंमत लागते.

तुमच्या गो-टू दुर्बिणीत सिंक नावाचा पर्याय असतो. गणिताने दाखवलेली जागा आणि खरी जागा यांत फरक दिसला, तर तुम्ही तारा हाताने मधोमध आणता, सिंक दाबता आणि कॉम्प्युटर तेवढा फरक धरून पुढे चालतो. शनीचे ते ५ अंश म्हणजे गणेशांचं सिंकच समजा.

दुसरी गोष्ट, दिवस मोजण्याची. जुन्या पद्धतीत कलियुगाच्या सुरुवातीपासूनचे किंवा त्याही आधीपासूनचे दिवस धरत. १५२० पर्यंत नुसत्या कलियुगाचेच १६ लाख ८७ हजारांहून जास्त दिवस झाले होते. असले आकडे घेऊन पाटीवर गुणाकार-भागाकार करा, म्हणजे एखादा आकडा चुकणारच. गणेशांनी मोजणी आपल्याच काळापासून सुरू केली आणि वर्षांचे ११-११ चे गट पाडले. एका गटाला नाव दिलं चक्र. एका चक्रात ४०१६ दिवस.

समजा शके १९४७ चं गणित करायचंय. १९४७ मधून १४४२ वजा केले, उरले ५०५. त्याला ११ ने भागलं, तर ४५ चक्रं पूर्ण आणि वर १० वर्षं. एका चक्रात प्रत्येक ग्रहाच्या जागेत किती फरक पडतो, तो आकडा ग्रंथात तयार आहे. त्याला ध्रुवक म्हणतात. सुरुवातीच्या दिवशी ग्रह कुठे होता तो आकडाही तयार, तो क्षेपक. म्हणजे हिशेब करायचा तो फक्त उरलेल्या दिवसांचा आणि ते एका चक्रापेक्षा जास्त कधी होतच नाहीत. आपल्या फोनमधलं घड्याळसुद्धा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. सोयीचा दिवस धरून तिथून मोजायचं, हीच युक्ती.

तिसरी गोष्ट, त्यांनी ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, पूर्ण वगळली. तिच्याऐवजी साध्या गुणाकार-भागाकाराची सूत्रं दिली. उत्तरात किंचित फरक पडतो, पण गावातला जोशीही हे गणित करू शकतो. कमी ताकदीच्या मशीनवर चालणारं हलकं ॲपच म्हणा ना. नावातच लाघव आहे!

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १५२५ मध्ये तिथिचिंतामणी लिहून तिथी काढायची कोष्टकं दिली. १५४५ मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. प्रतोद यंत्र नावाच्या गॅजेटवरही त्यांचा छोटा ग्रंथ आहे. प्रतोद म्हणजे चाबूक. त्याच्या दांड्यावर खुणा असतात, वर आडवी खुंटी बसवून दांडा उभा धरायचा आणि खुंटीची सावली कुठवर पोचते ते बघून वेळ सांगायची. ५०० वर्षांपूर्वीचं पोर्टेबल घड्याळ!

मग ग्रहलाघव आज सर्रास का वापरत नाहीत?

महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकात शेकडो वर्षं पंचांगं ग्रहलाघवावर चालली. पण केशवांनी सांगितलं होतं तसंच झालं. बारीक फरक साठत गेला आणि एकोणिसाव्या शतकात तो सहज दिसू लागला. १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपातल्या नव्या गणितावरून ग्रहसाधनाची कोष्टके तयार केली. त्यानंतर जुनं पंचांग की नवं, यावर महाराष्ट्रात बरीच वर्षं वाद चालला. गंमत बघा, ज्यांनी ग्रंथापेक्षा आकाशाला मान दिला, त्यांचाच ग्रंथ लोकांना सोडवेना. मला वाटतं, आकडे बदलणाऱ्यांनीच गणेशांची खरी परंपरा चालवली.

आता तुमच्या दुर्बिणीकडे

आधी ट्रायपॉड लेव्हल करा. मग कंट्रोलरमध्ये ठिकाण, वेळ, टाइम झोन आणि तारीख टाका. तारखेत महिना आधी आहे की दिवस, हे दोनदा बघा. एकमेकांपासून लांब असलेले दोन तेजस्वी तारे निवडून ते आयपीसच्या मधोमध आणा. मग तिसरा तारा मागून तपासा आणि शेवटी एक ग्रहही मागा. तारे जुळतात पण ग्रह जुळत नाही, तर तारीख चुकली असं समजा. ती सुधारून अलाइनमेंट पुन्हा पहिल्यापासून करा.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. गुरू आला, सोबत त्याचे चार चंद्रही. गणेश दैवज्ञांना ते कधीच दिसले नाहीत. आजीने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. पोरं रांगेत थांबली होती.