लक्ष्मीबाई टिळक : शाळेत न गेलेली लेखिका



गेल्या जूनपासून मी एक ऑनलाइन कोर्स करतेय. विषय आहे साहित्यातील स्त्रिया. डी.एड. झाल्यावर मी प्रशिक्षणं खूप केली, पण स्वतःच्या आवडीने असं काही शिकले नव्हते. घर बदलापूरला, शाळा उल्हासनगरला. सकाळच्या गाडीत मोबाइल डोळ्यांसमोर धरायलाही जागा नसते, म्हणून लेक्चर नुसतं कानाने ऐकते. अंबरनाथला गर्दीचा लोंढा आत आला की एखादा मुद्दा निसटतो, मग तो रात्री भांडी आवरल्यावर पुन्हा ऐकायचा.

कोर्समध्ये एका लेखिकेचं चरित्र लिहायला सांगितलं होतं. अट एकच, पुस्तकातलं एकही वाक्य उतरवायचं नाही. मी लक्ष्मीबाई टिळकांना निवडलं. तेच चरित्र थोडं वाढवून इथे देतेय. तुमच्या वर्गातल्या मुलांना सांगायलाही उपयोगी पडेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, घरी हाक मारायचे मनू. वडिलांचं सोवळं फार कडक. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि त्यात मीठसुद्धा आलं! आता मीठ धुतल्यावर काय उरतं ते तुम्हीच सांगा. मुलांना हे सांगितलं की वर्ग खो खो हसतो. पण त्या घरात वाढणाऱ्या मुलीला रोज काय काय सोसावं लागत असेल, याचाही विचार करा. शाळेचा तर प्रश्नच नव्हता.

१८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. मनू अकरा-बारा वर्षांची, नवरा अठरा-एकोणीसचा. टिळक मोठे कवी. पण संसाराच्या बाबतीत काय सांगावं! लहर आली की घर सोडून निघून जायचे, नोकरी एका ठिकाणी टिकायची नाही. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या अडचणीला जायचा. स्वभाव तापट, आणि तितकाच प्रेमळ. याच नवऱ्याने बायकोला अक्षरओळख करून दिली. त्या काळी किती घरांत हे होत होतं? म्हणून मला टिळकांवर नुसतं रागावता येत नाही.

पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. घरच्यांच्या दृष्टीने ते मेल्यात जमा झाले. लक्ष्मीबाईंची मात्र मोठी पंचाईत झाली. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जायचं तर धर्म जाणार, जात जाणार, माहेर तुटणार. न जावं तर पदरी लहानगा दत्तू, आणि आयुष्यभर नातेवाइकांच्या घरी राहायचं. अशी चार-पाच वर्षं गेली. नंतर त्या नगरकडे टिळकांजवळ आल्या, तेव्हाही आपलं सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू त्यांच्याच मनाने घेतलं की हा उच्च, तो नीच हे माणसांनी केलेलं आहे, देवाने नाही. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला यातला वेळ महत्त्वाचा वाटतो. नवऱ्यामागे मुकाट गेलेली बायको असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणालं, तर ही पाच वर्षं पुढे ठेवावीत.

नगरच्या घरात माणसांचा राबता असे. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहत होते, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, टिळक गेले.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. दहा-अकरा अध्यायांवर ते थांबलं. ते पुढे नेलं कुणी? शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी! साठाहून अधिक अध्याय त्यांनी ओवीबद्ध लिहिले.

आणि 'स्मृतिचित्रे'. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचं चरित्र लिहिणार होता. त्यासाठी आईने आठवणी लिहाव्यात असं ठरलं, आणि त्या आठवणींचंच पुस्तक झालं. १९३४ पासून त्याचे भाग निघाले. भाषा अगदी ओट्याजवळ बसून बोलल्यासारखी. दुःखाचा प्रसंगसुद्धा त्या असा सांगतात की आधी हसू येतं, मग दोन पानं पुढे गेल्यावर घसा दाटतो. स्वतःची फजिती तर त्या कधीच लपवत नाहीत. (माझ्या चरित्रावर शेरा आला की भाषा बोलीकडे झुकते, प्रमाण ठेवावी. मार्कही कापले गेले. आता यावर मी काय बोलू!)

२४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या. पुस्तकाचा चौथा भाग त्यांच्या मागून, त्याच वर्षी आला. पुढे विजया मेहतांनी 'स्मृतिचित्रे'वर चित्रपट केला, त्यात सुहास जोशींनी लक्ष्मीबाई केल्या आहेत. मिळाला तर जरूर बघा.

हे सगळं मी पालकसभेत थोडक्यात सांगितलं होतं. आमच्याकडच्या बऱ्याच आया घरी जीन्सचे धागे कापायचं काम करतात. त्यातली एक, जी गेल्या वर्षापर्यंत प्रगतिपुस्तकावर अंगठा देत होती आणि आता मुलीकडून शिकून सही करते, सभा संपल्यावर थांबली. लक्ष्मीबाई किती वर्षांच्या असताना वाचायला शिकल्या, ते तिला विचारायचं होतं. लग्नानंतर, असं मी सांगितलं. मग तिने विचारलं, त्या पुस्तकातली अक्षरं मोठी आहेत का? माझ्याकडची प्रत बारीक टाइपाची आहे. पहिली चार पानं मी तिला वहीत मोठ्या अक्षरांत लिहून देतेय. दोन झालीत.