अहिल्याबाईंच्या दोन तिजोऱ्या

अहिल्याबाई होळकर म्हटलं की हातात पिंड धरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. कादंबऱ्या आणि मालिकांनी तर बाईंना पार देव्हाऱ्यात बसवलंय. मी पडलो बँकेतला माणूस. मला आधी त्यांचे हिशेब दिसतात.

जामखेडजवळच्या चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही लेक, जन्म १७२५. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेचा गोळा लागून गेले. बाई सती निघाल्या, पण सासरे मल्हारराव आडवे आले. नुसतं अडवलं नाही, तर महसूल, रसद, दारूगोळा असा सगळा कारभार सुनेच्या हाती देऊन शिकवला. त्या काळात असा सासरा विरळाच!

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. घरात विधवा बाई आणि भरलेला खजिना. दिवाण गंगाधर चंद्रचूडांनी दत्तकाचा लकडा लावला. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. मूल दत्तक घेतलं की सही आपली आणि कारभार दिवाणाचा, हे बाईंनी ओळखलं. शिंदे, गायकवाडांकडे पत्रं गेली, आपली फौज तयार ठेवली. माधवराव पेशव्यांनीही बाईंचाच हक्क मानला आणि दादांना परतावं लागलं.

पुढे फौज तुकोजी होळकरांकडे आणि तिजोरीची किल्ली महेश्वरला बाईंकडे. तुकोजी पैसे मागायचे, बाई हिशेब मागायच्या. ही कुरबुर शेवटपर्यंत चालली. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. काशी, सोमनाथची देवळं, घाट, विहिरी खासगीतून झाल्या. (सिंकिंग फंडाला हात लावायचा की नाही, यावरून आपल्या सभा किती तापल्या ते जुन्या सभासदांना आठवेल!)

एवढी खमकी बाई एका ठिकाणी मात्र हरली. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती निघाली. बाईंनी आई म्हणून परोपरीनं विनवलं. जिला सासऱ्यानं चितेपासून परत आणलं, तिला आपली लेक परत आणता आली नाही. नर्मदेकाठी सगळं डोळ्यांदेखत झालं. तीन दिवस त्या अन्नाला शिवल्या नाहीत, म्हणतात. मग लेकीची छत्री बांधायला घेतली, आणि १३ ऑगस्ट १७९५ ला डोळे मिटेपर्यंत कारभार पाहत राहिल्या.