बारा वर्षांच्या आत मुंबई गाजवली, पण कुमार गंधर्वांचं खरं गाणं आजारपणानंतर सुरू झालं

एखादं लहान पोरगं मोठ्या गवयासारखं ताना घेतंय, असा रील दर दोन-चार दिवसांनी आपल्यासमोर येतोच. कारंजा (घाडगे) असो नाहीतर कोल्हापूर, आपण तो बघतो, कौतुक करतो आणि घरच्या ग्रुपवर टाकून देतो. त्या पोराचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मोबाइलचा पत्ताही नव्हता त्या काळात असंच एक पोर गाजलं होतं. त्याचं पुढे काय झालं, ते वाचण्यासारखं आहे.

८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. अब्दुल करीम खाँसारख्या बड्या गवयांची तबकडी ऐकायची आणि ती ताना-हरकतींसकट जशीच्या तशी गाऊन दाखवायची, ही या पोराची करामत. एका मठाच्या स्वामींनी त्याचं गाणं ऐकलं आणि त्याला नाव दिलं कुमार गंधर्व.

१९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये संगीत परिषद भरली. जाणकारांनी भरलेल्या त्या सभेत हा मुलगा गायला आणि लोक वेडे झाले. बक्षिसांचा पाऊस पडला.

आता नीट बघा. लोक खूश झाले होते ते ओळखीचं मोठं गाणं छोट्या गळ्यातून ऐकून. गळा त्याचा होता, पण गाणं दुसऱ्याचं होतं.

हे ज्यांनी ओळखलं ते प्रा. बी. आर. देवधर. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ त्यांची संगीत शाळा होती, तिथे कुमार शिकायला राहिले. देवधर मास्तर एकाच घराण्याला चिकटून बसणारे नव्हते. कुठला गवई काय करतो आणि का करतो, हे समजून घ्यायला त्यांनी शिकवलं. नक्कल करणारा मुलगा तिथे विचार करायला लागला.

पुढे सगळं जुळून येत होतं. १९४७ मध्ये भानुमतीबाईंशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. गायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत दोघं माळव्यातल्या देवासला गेले. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि नवऱ्याची सेवा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध लागू पडलं, तरी एक फुप्फुस कायमचं निकामी झालं.

सुमारे पाच वर्षं गाणं बंद होतं, पण कान उघडे होते. दारावरून जाणाऱ्या बायका, भजनी, भिक्षेकरी यांची माळवी गाणी ते अंथरुणातून ऐकत राहिले. लोकगीताच्या साध्या धुनेतच रागाचं बीज असतं, हे त्यांना तिथे उमगलं. बरे झाल्यावर त्यांनी शेकडो माळवी गाणी गोळा केली. त्यातून मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, मधसूरजा असे राग जन्माला आले. त्यांच्या बंदिशींचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक १९६५ साली आलं.

१९५३ च्या आसपास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा गाणं पार बदललेलं होतं. लांबलचक दमसास राहिला नव्हता. छोट्या, धारदार स्वरवाक्यांतून आणि मधल्या शांततेतून ते राग उभा करायचे. यावर श्रोत्यांत सरळ दोन तट पडले. काहींना हे परंपरा मोडणं वाटलं, तर काहींना हेच गाणं हवं होतं. लहानपणी एकमुखाने वाहवा करणारी दुनिया आता भांडत होती. कबीराची निर्गुणी भजनं त्यांनी गायली, तेव्हा शास्त्रीय संगीताशी संबंध नसलेली माणसंही त्यांच्याकडे वळली.

१९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला त्यांचं निधन झालं.

जिना हॉलमधल्या बक्षिसांवरच ते थांबले असते, तर एक हुशार नकलाकार म्हणून उरले असते. म्हणून पुढच्या वेळी असा रील आला की लाइक जरूर करा. पण त्या पोराला शिकायला वेळ मिळू द्या आणि मोठं होऊन ते काही वेगळं गायला लागलं, तर तेव्हाही ऐकायला थांबा.